सारामावशीची पापणी

इस्राएलमधल्या लोदच्या विमानतळावर मला घ्यायला आलेली बाई सिनेनटीसारखा काळा चष्मा लावून उभी होती. "सुमन गो, वळखलंस का मला?" तिनं हाक मारली, आणि रेवदंड्याहून इकडे येऊन राहिलेली आमची जुनी ज्यू शेजारीण सारामावशी मला सापडली. लंडनहून, लेकीकडून परतताना महिनाभर तिच्याकडे राहायचं मी ठरवलं होतं.

चष्म्याआड उजवा डोळा लालभडक होता. तापानंतर ओठावर ज्या विषाणूनं फोड (जर) उठतात, तोच विषाणू मावशीच्या बुबुळावर चढला होता. कुणीतरी दिलेले लाल डोळ्याचे थेंब घालून तिनं दुखणं आणखी वाढवलं होतं. आता विषाणूवरचं नवं मलम मिळालं होतं. ते नेमानं लावलं नाही तर बुबुळावर कायमचा डाग पडून डोळा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

मलमानं धूसर दिसतं, याचा मावशी पुरेपूर फायदा घ्यायची. नारळाच्या दुधातलं मटण ओरपून आम्ही रमीला बसलो की ती भलतीच पानं जुळवून डाव मांडायची. पकडलं की म्हणायची, "मी काय करू? मलमाचा दोष!" डावा डोळा ठणठणीत होता, हे ती सोयीस्करपणे विसरायची.

एका सकाळी तिनं जाहीर केलं, "खुपत नाही, टोचत नाही. डोळा बरा झाला. आता मलिदा!" मलिदा म्हणजे एलियाहू हनावीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावानं करायचे नवसाचे गोड पोहे. तिनं लगेच पोहे भिजवले, शेजाऱ्यांना आवतण दिलं आणि मलम बंद केलं.

"सावता, दाय!" (आजी, पुरे!) नात रीना ओरडली. पुढचं सगळं हिब्रूत होतं, पण राग समजायला भाषा लागत नाही.

"दुखतच नाही तर डागतरला दाखवू काय?" मावशी म्हणाली.

मला भीती वाटत होती. पण मावशी हट्टाला ऐकत नाही, गरजेला ऐकते. मी डोळा चोळत कण्हू लागले, "मावशी, वाळू गेली गं! मला इथली भाषा येत नाही, दवाखान्यात चल ना." दुभाषी व्हायचं म्हटल्यावर ती चप्पल घालून तयार!

दवाखान्याच्या दारात मावशी कुणाशी तरी बोलत होती, तेवढ्यात मी डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत खरा प्रकार सांगितला. त्यांनी चेहरा न बदलता मला खुर्चीत बसवलं आणि कापसाचं टोक बुबुळाला लावलं. मी टुणकन उडाले. मावशी खदखदून हसली. "एवढ्याला भितेस? उठ, मी दाखवते!"

ती ऐटीत बसली. कापूस टेकला. पापणी लवली नाही. पुन्हा टेकला, तरी नाही. "बघितलंस?" मावशी विजयानं म्हणाली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या दिव्यात मला दाखवलं. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी हिरवी जखम चमकत होती. मग त्यांनी मावशीला हिब्रूत आणि मला इंग्रजीत समजावलं, "जखम तशीच आहे. विषाणूनं डोळ्याची जाणीव बधिर केली, म्हणून दुखत नाही."

घरी येऊन मावशीनं आधी मलम मागितलं. आवतण मागे घेतलं. भिजलेल्या पोह्यांना कांद्याची फोडणी घालून आम्ही ते संपवले.

माझ्या निघण्याआधी जखम भरली. जाणीव कधी परतेल, परतेल की नाही, ते बाई सांगेनात. "पापणी लवेल तेव्हाच मलिदा," मावशीनं नवस बदलून घेतला.

निघायच्या दिवशी मावशी आणि रीना मला सोडायला आल्या, तेव्हा विमानतळाबाहेर धुळीचा लोट अंगावर आला. मावशीनं चष्मा वर करून उजवा डोळा गच्च मिटला आणि ती किंचाळली, "टोचलं गो! सुमन, टोचलं!" लोक वळून बघू लागले. ती एका डोळ्यानं रडत, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. "रीना, घरी चल, पोहे भिजव!"

मलिदा माझा हुकला. पण हल्ली डोळ्यात कचरा गेला की मी चिडत नाही. खुपतंय ना, मग ठीक आहे, असं म्हणते आणि पाण्यानं डोळा धुते.