निरगुडीच्या तेलाची बाटली

निरगुडीच्या तेलाचा वास आला की मला चिपळुणातल्या एका शाळेचा रिकामा वर्ग आठवतो. पुराला तेव्हा तीन महिने झाले होते. पाणी घरात शिरलं त्या सकाळी सासूबाई खाली टेबलावर गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या आणि मी माळ्यावर पालथी पडून, होडी येईपर्यंत त्यांचं मनगट धरून होते. त्या वाचल्या, पण माझा उजवा खांदा तेव्हापासून आखडला तो आखडलाच. एक्स-रेत काही निघालं नाही. शाळेत एक बाई अंगात बसलेली भीती काढतात असं कळलं, तेव्हा आम्हाला वाटलं मालिशवालीच असणार. सासूबाईंनी तेल कोमट करून बाटलीत भरलं, मी गेल्या गेल्या चटईवर पालथी पडले. बाई हसल्या नाहीत; त्या मालिशवाल्या नव्हत्या, पूरग्रस्तांसाठी आलेल्या समुपदेशक होत्या. मला खुर्चीवर बसवून त्यांनी पाय लादीवर टेकायला लावले. म्हणाल्या, "खांदा सैल करू नका. त्याला काय करायचंय ते हळूहळू करू दे." मनात म्हटलं, हे ऐकायला कशाला आले? पण हात आपोआप, कुणाला वर ओढावं तसा, ओढू लागला, मूठ आवळली, दात वाजू लागले. कोपऱ्यात बाटली घेऊन बसलेल्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी आपलं मनगट माझ्या मुठीत दिलं. "मी आले वर, गो. सोड आता." किती वेळाने सोडलं ते आठवत नाही. खांदा मोकळा व्हायला पुढे आणखी सहा खेपा लागल्या. तसलंच तेल आता त्यांच्या गुडघ्यांना चोळते, तर म्हणतात, "हळू धर, मी काय वाहून जात नाही."