मार्सेलची दारं

मार्सेल बघून आलो म्हटल्यावर माणसं विचारतात, तिथं काय बघितलं? मी सांगतो, दारं बघितली. हसतात. हसू द्या. फ्रान्समधल्या त्या समुद्राकाठच्या शहरात पोरानं मला सगळीकडं फिरवलं आणि मी एकाही जागेच्या आत गेलो नाही.

पोरगा तिथं नोकरीला आहे. त्यानं आम्हा दोघांना बोलावलं होतं, कागदपत्रं झाली होती. बायकोनं बारामतीतनं कापडी बूट आणले होते. अंगणात घालून चालायची सवय करायची. शेजारणी म्हणायच्या, "विमान हितंच उतरणार हाय का?" ती म्हणायची, "उतरलं तरी तुमाला न्हाय बसवायची." आणि एका सकाळी ती झोपेतनं उठलीच नाही.

पोरगा आला, सून आली, तेरावा झाला. आमच्याकडं त्यानंतर दुखवटा काढतात. सोयरा येतो, टोपी-टॉवेल देतो, आपल्या घरी नेऊन गोड जेवू घालतो. तोवर दुखातल्या माणसानं दुसऱ्याचा उंबरा चढायचा नाही, देवळात जायचं नाही, गोड खायचं नाही. दुखवटा निघाला की माणूस मोकळा. आमचा काढायचा होता माझ्या मेहुण्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं. तो कन्हेरीला असतो. नेमकी त्याच्या उसाला तोड आली. फडात टोळी उतरल्यावर कोण हलतंय? म्हणाला, "दाजी, एवढा ऊस जाऊ द्या, मग येतोच."

मी थांबलो असतो. पोराची रजा संपली होती. "आबांना एकटं टाकून मी जाणार नाही," म्हणाला आणि मला विमानात घातलं. दुखवट्याचं मी त्याच्याकडं काढलं नाही. पोरगा आई गेल्यापासून एकदाही रडला नव्हता. नुसता ह्याला फोन, त्याला फोन. असल्या माणसाशी काय बोलायचं?

तिथलं घर वरच्या मजल्यावर. दार ओढलं की आपोआप कुलूप बसायचं. खिडकीतनं समोरची भिंत दिसायची. गावात ओसरीवर बसलो असतो तर माणसं आली असती. तिनं कुणाला कधी ताक दिलं, कुणाशी कशावरनं भांडली, असलं काहीबाही बोलली असती. मीही रडलो असतो. हितं कोण येणार? येऊन बोलणार कुठल्या भाषेत? पोरगा नि सून कामावर गेले की मी त्या भिंतीकडं बघत बसायचो. सुट्टी आली की पोरगा मला बाहेर काढायचा. आबांचं मन रमलं पाहिजे, हेच त्यानं डोक्यात घेतलेलं.

पहिल्यांदा नेलं टेकडीवरच्या देवळात. ख्रिस्ती लोकांचं आहे. शिखरावर सोन्याची बाई, कडेवर मूल. पोरगा म्हणाला, "आबा, चला आत."

"तुमी या जाऊन. मी हितं कट्ट्यावर बसतो."

देव कुणाचा का असेना, देऊळ ते देऊळ. खाली सगळं शहर, लाल कौलं, पलीकडं निळं पाणी. वारा असा की टोपी हातात धरून बसलो. सून बाहेर आली नि म्हणाली, "आबा, आत छताला लहान लहान होड्या टांगल्यात. समुद्रातनं जिवंत परत आलेल्यांनी नवस फेडलेत." बघावं वाटलं. दारापाशी जाऊन मान लांब केली. अंधारात मेणबत्त्या तेवढ्या दिसल्या.

पोराला वाटलं, माझे गुडघे दुखतात. मग त्यानं पायऱ्या नसलेली ठिकाणं शोधली. समुद्राला लागून एक संग्रहालय आहे, भिंती जाळीच्या. तिथनं जुन्या किल्ल्यावर जायला लांब, चिंचोळा पूल. पुलाला उंबरा नाही म्हणून मी गेलो. पलीकडं दार दिसलं तसा माघारी फिरलो. पोरगा म्हणाला, "आबा, काय चाललंय तुमचं?" मी म्हणालो, "वारं लागतंय."

बंदरावर मासळीबाजार भरतो, तो उघड्यावर. तिथं मी पोटभर थांबलो. बाया मासे मांडून ओरडत होत्या, गिऱ्हाईक नाक मुरडत होतं, सगळं ओळखीचं. सुनेनं होडीच्या आकाराची बिस्किटं घेतली. गोड होती. मी खिशात टाकली.

मग एका रविवारी बोटीनं बेटावर नेलं. तिथं जुना तुरुंग आहे. नरसिंहपूरला संगमावर बायको होडीत बसायला घाबरली होती, माझा सदरा धरून काठावरच उभी राहिली होती. ते बोटीत आठवलं. बेटावर माणसं हसत, फोटो काढत तुरुंगात जात होती. मी दाराबाहेर दगडावर बसलो.

पोराचा तोल सुटला. "तुरुंगातपण नाही जायचं? आई असती तर कोपरान् कोपरा बघितला असता तिनं!"

"ती असती तर मीबी गेलो असतो."

"मग अडलंय कुठं?"

सांगितलं. मामानं दुखवटा काढलेला न्हाय, मी कुणाचा उंबरा कसा चढू? पोरगा लहानपणापासून पुण्याला वसतिगृहात राहिलेला, त्याला हे कोण सांगणार? म्हणाला, "एवढंच ना? मी काढतो. आत्ता टोपी आणतो, घरी शिरा करू."

"तू कसा काढणार? तूबी दुखवट्यातच हायस की."

तो माझ्या शेजारी दगडावर बसला. मग जे रडला! सून पाठीवरनं हात फिरवत होती. माणसं तुरुंग बघून बाहेर यायची, आमच्याकडं बघायची. बघू द्या. आई गेल्यावर पोरगा पहिल्यांदा रडला, तो परक्या मुलखात, तुरुंगाच्या दारात.

त्यानं मला लवकरच्या विमानात बसवून दिलं. त्याला रजा नव्हती.

मेहुणा घरी न्यायला आला. टोपी दिली, खांद्यावर टॉवेल टाकला, कन्हेरीला नेऊन पुरणपोळी वाढली. मी खिशातनं आणलेली बिस्किटं त्याला दिली. एक चावून म्हणाला, "दाजी, तितं दगड भाजून खात्यात व्हय?" आई गेल्यापासून... नव्हं, बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

निघताना त्यानं दुसरी टोपी काढली. "ही भाच्याची. तो समोर असल्याबिगर कशी देऊ? सध्या तुमीच ठेवा."

आता मी मोकळा आहे, कुठंही जावं. पण जायचं कुठं नि कुणासंगं? बूट तिच्या खाटेखाली आहेत.

परवा पोराचा फोन आला. त्याच्या मित्राच्या पोराचा वाढदिवस होता, हा गेला नाही. म्हणाला, "आबा, मामानं अजून टोपी कुठं दिलीय?"

मी म्हणालो, "आरं, एवढं धरून बसू नगंस. जा की."

"तुम्ही गेलावता का?"

माझा दुखवटा मी त्याच्या गळ्यात बांधून आलो. रजा मिळाली की येतो म्हणतोय. टोपी खुंटीला आहे. धूळ बसू नये म्हणून पिशवीत घातलीय.