साहेब आणि गोमूत्राची बाटली

दादा गेल्यावर त्याच्या एकलहऱ्याच्या क्वार्टरमधून आमच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या, एक मिक्सर आणि एक म्हातारा कुत्रा. मिक्सर चालत नव्हता. कुत्रा चालायचा, पण लिफ्टचं दार उघडलं की बसकण मारायचा.

दादा त्याला साहेब म्हणायचा. दिवसभर वीज केंद्रात साहेबांचं ऐकायचं, तर घरी एखादा आपलं ऐकणारा साहेब हवा, असं त्याचं म्हणणं. दादा एकटाच राहायचा. क्वार्टर तळमजल्यावर, मागचं दार सदा उघडं, त्यामुळे साहेब हवं तेव्हा झुडपात जाऊन यायचे. त्यांना कधी काही शिकवावं लागलं नाही. आणि आम्ही त्यांना इंदिरानगरात चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलमध्ये, देवघराच्या भिंतीला लागून, पाय वर केला. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. "झाली तुझ्या साहेबांची सही," एवढंच म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन जप पुढे चालू ठेवला.

मग रोजच सह्या होऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, जागा बदलली की म्हातारी कुत्री असं करतात. झोपून उठला, जेवला की खाली न्या, मातीत उभा करा, केलं की शाबासकी द्या. मी नेत होते. साहेब जिना उतरायचे, बागेतल्या मातीत उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे, आणि तसेच वर येऊन देवघराच्या भिंतीशी मोकळे व्हायचे. ओरडावं तर राग यायला हवा ना. मला तेव्हा कशाचाच राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले, आणि मी घाटावर चपला कुठे काढल्या ते आठवत होते. भाऊ एकुलता एक होता माझा. आत नुसतं बधिर झालं होतं, दाढ काढल्यावर होतं तसं.

पितृपक्ष लागला तेव्हा सासूबाईंनी मला समोर बसवलं. "हे बघ, मी वाईट नाही. पण घट बसायच्या आत याचं काही झालं नाही, तर मी याला वणीला पाठवणार. नऊ दिवस घरात देवी आणि हा भिंत भिजवणार, हे मला नाही चालायचं."

वणीला माझ्या नणंदेचा मळा आहे. मळ्यावर दोन कुत्रे आहेत, अनोळखी माणसालाही बांधावर पाय ठेवू देत नाहीत. या म्हाताऱ्याची तिथे एक रात्रही निघाली नसती. हे सासूबाईंनाही ठाऊक होतं, म्हणून त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "बरं," मी म्हणाले. दादाच्या घरातलं जिवंत असं हे एकच उरलंय, हे मला कळत होतं. पण ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं कळत होतं.

आमची कामाची वाटणी ठरून गेली होती. मी फिनेल टाकून पुसायचं, आणि माझं झालं की सासूबाईंनी येऊन त्या जागेवर गोमूत्र शिंपडायचं. पंचवटीतून आणलेली बाटली, झाकणाला भोक पाडलेलं. शिंपडताना हात सैल. अख्खा हॉल गोठ्यासारखा वास मारायचा. आमचे हे पेपरामागून म्हणायचे, "आता फक्त गाय आणायची राहिली."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नवरात्राची साफसफाई काढली, आणि शुद्धी म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही बाटली फिरवली. साहेब कधी त्या बाजूला फिरकत नसत. त्या दिवशी मात्र उठले, उंबरा नाक लावून हुंगला, आणि पाय वर केला.

मी पोतेरं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मूत ते मूत. गाईचं पवित्र, हे कुत्र्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी तिथे आधीच कुणीतरी करून गेलं होतं, म्हणजे करायची जागा हीच.

"तुम्हीच सांगा," मी ह्यांना म्हटलं. "मला घरात राहायचंय," हे म्हणाले. मग मीच सांगितलं. सासूबाईंनी बाटली उचलून नाकाशी धरली. मला वाटलं, आता वणीची पिशवी भरायला सांगतील.

"म्हणजे इतके दिवस मीच त्याला आमंत्रण देत होते?"

"तसं नाही हो, आई."

"तसंच आहे. चल, पट्टा बांध त्याला."

बाटली पदराखाली धरून त्या आमच्यासोबत चार मजले उतरल्या, मध्ये दोनदा दम खायला थांबल्या. कुंपणाजवळच्या कडुलिंबाखाली, मोकळ्या मातीत, त्यांनी घरात शिंपडायच्या तसंच मन लावून गोमूत्र शिंपडलं. वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला. "पूजा आहे का, आजी?" "हो," सासूबाई म्हणाल्या. साहेबांनी हुंगलं, एक फेरी मारली, आणि इतका वेळ पाय वर धरला की मला वाटलं आता तोल जाणार.

तेव्हापासून घरात फक्त गोदावरीचं पाणी शिंपडलं जातं. पहिले दोन दिवस एखादी चूक झाली, मग तीही थांबली. घट बसले, नंदादीप लागला, भिंत कोरडी राहिली. "राहू दे आता त्याला," सासूबाई म्हणाल्या, तेही आरतीचं ताट पुसता पुसता.

मला आनंद व्हायला हवा होता. कुठल्याशा माळेच्या दुपारी सासूबाई बाहेर आल्या, तेव्हा मी देवघराच्या भिंतीशी ओणवी होऊन पुसत होते.

"पुन्हा केलं का गं त्याने?"

"नाही."

त्यांनी फरशीला हात लावून बघितला. कोरडी होती. पोतेरंही कोरडंच होतं. साहेब बाल्कनीत झोपले होते.

"मग काय पुसतेयस?"

फोनवर सगळ्यांना ह्यांनीच कळवलं होतं, त्यामुळे ते वाक्य माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालं नव्हतं. "दादा गेला हो, आई," मी म्हणाले, त्यांना ठाऊकच नसल्यासारखी. त्या गुडघ्यावर हात ठेवत खाली बसल्या, आणि माझ्या मुठीतलं पोतेरं सोडवायला लागल्या.