नेट्टा पिटकेथलीचा रविवार

फ्रेझर लम्सडेनचं नाव निघालं की नेट्टा पिटकेथलीचं पित्त खवळायचं, आणि पिटहेवन गावात ते नाव उठताबसता निघायचं. मासळीच्या गाडीवाल्याचा हा पोरगा गोल्फ खेळून जगभर गाजला आणि गाजल्यावरही गावाला विसरला नाही. नेट्टाच्या मते सगळं तिथेच बिघडलं. विसरला असता तर गाव सुखात राहिलं असतं.

कारण फ्रेझर दानशूर होता. शाळेचं छप्पर गळत होतं, त्यानं मुलांना गोल्फच्या स्टिक दिल्या. समुद्रात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या बोटवाल्यांना नवं इंजिन हवं होतं, त्यांना नवी इमारत मिळाली, दारावर फ्रेझरच्या नावाच्या पाटीसकट. नेट्टा ज्या वृद्धांच्या केंद्रात स्वयंपाक सांभाळायची, तिथं त्यानं बाग करून दिली. बागेतली बाकं एवढी खोल, की एकदा टेकलेलं म्हातारं माणूस कुणी ओढल्याशिवाय उठायचं नाही. चुलीवरचं सूप सोडून नेट्टा बाहेर धावायची आणि केंद्रातल्या मिसेस ऑचिन्लेकना बाकातून उपसून काढायची. "द्या ना, खुशाल द्या! पण आधी विचारायला काय जीभ झडते?" असं ती भर बागेत ओरडायची. गावातले लोक हसायचे. नेट्टाचा स्वभावच तसा, म्हणायचे.

स्वभाव तसा होताच, पण त्याला कारणही होतं. तिची आई बंदरावर हेरिंग मासे साफ करायची. घरात पाच पोरं. एका हिवाळ्यात चर्चच्या बायकांनी नेट्टाला लाल कोट दिला. चांगला, उबदार कोट. तो डॉक्टरांच्या मुलीचा आहे हे शाळेतल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं, आणि पहिल्याच दिवशी त्या मुलीनं चारचौघींत तो ओळखला. नेट्टानं तो कोट तीन हिवाळे घातला, कारण दुसरा नव्हता. तेव्हापासून कुणी काही हातावर ठेवलं की तिच्या कपाळावर आठी यायची.

फ्रेझरच्या दानातल्या एकाच वस्तूला तिनं नावं ठेवली नव्हती, ती म्हणजे जाड टायरांची चाकाची खुर्ची. तिचा नवरा आर्ची जन्मभर गावच्याच गोल्फच्या मैदानावर कॅडी होता, खेळाडूंच्या पिशव्या वाहणारा. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली. ही खुर्ची वाळूतून, गवतातून कुठूनही जायची. पिटहेवनमध्ये रविवारी गोल्फ बंद. आजोबा-पणजोबांपासून तसं चालत आलेलं. त्या दिवशी मैदान गावाचं असतं, कुत्र्यांचं, बाबागाड्यांचं, हातात हात घालून फिरणाऱ्यांचं. दर रविवारी चर्च सुटलं की नेट्टा आर्चीला खुर्चीत घालून समुद्राकडच्या टोकापर्यंत ढकलत न्यायची. पाठ मोडायची, पण आठवड्यातलं तेवढं एकच काम ती न कुरकुरता करायची.

आणि या सप्टेंबरात फ्रेझरनं वृद्धांच्या केंद्रासाठी मदतीचा सामना ठेवला, तोही रविवारी. मैदानाच्या समितीनं माना डोलावल्या. चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं! समितीचा चिटणीस डॅलग्लीश नेट्टाला बेकरीत भेटला, तेव्हा त्याच्या हातात गरम पॅटिस होतं आणि चेहऱ्यावर पुण्य.

"तुमच्याच लोकांसाठी चाललंय हे, नेट्टा."

"आमच्या लोकांसाठी? मग आमच्याच लोकांचा रविवार का गिळताय? मंगळवारी खेळा!"

"मंगळवारी टीव्हीवाले मोकळे नाहीत."

"मग टीव्हीवाल्यांसाठी आहे म्हण की सरळ!"

"अगं, एका रविवारानं काय होतंय?"

"शहाण्या, आर्चीकडे किती रविवार उरलेत ते डॉक्टरनं तुझ्या कानात सांगितलंय का?"

डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते नेट्टाच्या कानात सांगितलं होतं. हा हिवाळा निघेल असं वाटत नाही, म्हणाले होते. एकेक रविवार तिला सोन्याचा झाला होता, आणि त्यातला एक हे लोक तिच्याच भल्यासाठी म्हणून काढून घेत होते.

रविवारी तिनं नेहमीसारखं आर्चीला कोट घातला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि निघाली. मैदानाभोवती दोर बांधलेले, माणसांची दाटी. पिवळ्या बंडीतल्या स्वयंसेवकानं हात आडवा केला. नेट्टानं त्याच्या पायावरून चाक नेलं, दोर उचलला आणि खुर्ची थेट मैदानात घातली. पहिला फटका मारायला फ्रेझर उभाच होता. त्यानं स्टिक खाली घेतली.

"मावशी, माझा खेळ मोडायला आलात?"

"ही आमची रविवारची वाट आहे. तुझ्या आज्याच्या आधीपासूनची."

फ्रेझरनं टोपी काढली. "खरं आहे. जा तुम्ही, सावकाश जा. आम्ही थांबतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेट्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे भांडायला आले तर इथंही या मेल्यानं दानच केलं! तिनं दात खाऊन खुर्चीला रेटा दिला. खुर्ची हलेना. आर्चीचा डावा हात ब्रेकवर होता.

"काय झालं? दुखतंय का कुठं?"

"थांब," आर्ची म्हणाला. "बघायचंय."

"काय बघायचंय?"

"खेळ."

तेवढ्यात फ्रेझर जवळ येऊन उकिडवा बसला. "आर्ची, वारा कसा वाटतोय?"

आर्चीनं तोंड वर केलं. थांबत थांबत, एकेक शब्द जमवत तो बोलला, "वरती जास्त आहे. लांबची स्टिक घेऊ नकोस. डावीकडे ठेव." महिन्याभरात तो एवढं बोलला नव्हता. फ्रेझरनं स्टिक बदलली आणि चेंडू मारला. तो उडाल्यापासून गवतावर टेकेपर्यंत आर्चीची मान त्याच्याबरोबर फिरली. त्याचा चेहरा नेट्टाला एकदम लग्नाआधीचा वाटला.

लोक चेंडूमागे निघाले. नेट्टा खुर्चीशी वाकली. "तुला खेळ बघायचा होता, तर इतके दिवस बोलला का नाहीस रे?"

"कॅडी विचारल्याशिवाय बोलत नाही."

त्यांच्या धंद्याचा तो नेमच. खेळाडूनं विचारलं तरच तोंड उघडायचं, नाहीतर पिशवी उचलून गुमान चालायचं. या माणसानं संसारही त्याच नेमानं केला होता. नेट्टानं कपाळावर हात मारून घेतला.

"आणि रविवार? मी तुला इथून तिथवर ढकलायची, ते आवडत नव्हतं?"

"रिकामं मैदान," आर्ची म्हणाला. "बघवत नाही."

"अरे, मग यायचास कशाला? दर रविवारी! पावसात, थंडीत! नको म्हणायचंस!"

आर्चीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न पडतोच कसा, याचं त्याला खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तुला आवडायचं ना," तो म्हणाला.

नेट्टानं त्याच्या मांडीवरचं पांघरूण नीट केलं, गरज नसताना दोनदा केलं, ब्रेक सोडला आणि लोकांच्या मागोमाग खुर्ची ढकलायला लागली.