पकडणारा आणि निवाडा करणारा

आम्हाला राज्यकारभार शिकवणारे मास्तर लई तऱ्हेवाईक. वर्गात कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिताना सापडला, तर स्वतः कधी शिक्षा करायचे नाहीत. "मी पकडलं, आता निवाडा मी करायचा नाही," म्हणायचे आणि पोराला शेजारच्या वर्गात ड्रॉइंग मास्तरांकडे पाठवायचे. ते बिचारे मवाळ, हसून सोडून द्यायचे. आमची चंगळच की! पण कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, न्याय देणारा तिसरा, तिन्ही कामं एकाच हाती गेली की माणूस माजतो, हे त्यांनी डोक्यात असं ठोकून बसवलं होतं, की झोपेतून उठवलं तरी आम्ही घडाघडा म्हटलं असतं.

त्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला. पांढऱ्या गांधी टोपीलासुद्धा बंदी! मास्तर रोजची टोपी घालून मंडईत गेले, आणि एका गोऱ्या साहेबानं स्वतः त्यांच्या दंडाला धरून कचेरीत नेलं. मी तिथंच होतो. भाजीची पिशवी तेवढी मी घरी पोचवली.

मास्तरांची बायको, आमच्या काकू, ऐकून उंबऱ्यातच मटकन बसल्या. कडेवर तान्हं मूल. मी मोठा शहाणा! म्हणालो, घाबरू नका, पकडणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा, उद्या सुटतील. नवऱ्याचाच धडा तो, त्यांना पटला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मास्तरांच्या वाटणीचं पीठ मळायला घेतलं.

मी कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत मास्तर अगदी निर्धास्त दिसत होते. दार उघडलं, साहेब आला आणि मधल्या खुर्चीत बसला. अरे देवा, हा तर कालचाच! मला वाटलं, साक्षीला आलाय, चुकून तिथं बसला. पण कारकुनानं कागद त्याच्याच पुढं सरकवले. मास्तर आ वासून बघत राहिले. साहेबानं सक्तमजुरी सुनावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्यामागं रस्त्यावर बघितलं, मग माझ्याकडं. मी काय झालं ते सांगितलं. त्यांना ते कळेचना.

"पण निवाडा करायला दुसरा कोणी येणार होता ना रे?"

"तोच बसला होता, काकू."