भाऊंचा न गळणारा द्रोण

चांदा जिल्ह्यात दुसऱ्यांच्या पोटाची काळजी आमच्या घरमालकांइतकी कुणी वाहिली नसेल, आणि त्या काळजीपायी माझ्याइतकं कानकोंडं होऊन गडचिरोलीच्या रस्त्यानं कुणी चाललं नसेल. मी मूळचा रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि एका ओळखीवर इथल्या सरकारी कचेरीत हंगामी शिपाई म्हणून चिकटलो. बोली निराळी, माणसं निराळी. आपलं काही चुकेल म्हणून जीव सदा टांगणीला. अशा मला या घरमालकांनी, म्हणजे भाऊंनी, ओसरीलगतची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि त्याबरोबर माझं पोट आपल्या ताब्यात घेतलं.

भाऊंचं म्हणणं असं, की माणूस खाण्यानं आजारी पडत नाही, खाणं ज्यात बांधलं त्यानं पडतो. रद्दी कागदाशी तर त्यांचं उभं वैर. बाजारात कुणी भज्यांची पुडी उघडली, की हे खिशातून पळसाचं पान काढून त्याच्यापुढे धरत. "याच्यात घे बाबू. ते छापलेलं कायले पोटात घालून राह्यला? शाई पचते का?" तो बिचारा भजी विसरून भाऊंकडेच पाहत राही. मी तोवर बांगड्यांच्या दुकानापुढे उभा राहून, यांना आपण ओळखतच नाही असा चेहरा करी. पण भाऊंचा आवाज तिथंही पोचे. "काऊन गा, काल मोहाच्या पानावर जेवला ना तू? मंग सकाळी साफ झालं का नाई?" माझ्या उत्तरासाठी बांगडीवालीसुद्धा हातातलं काम थांबवी.

घरातही आठवड्याला पान बदले. पळसाचा स्वभाव थंड, वडाचा जरा हट्टी, मोहाचा दिलदार, अशी पानांची ओळख ते सोयऱ्यांसारखी करून देत. मी घास उचलला की ते वाकून माझ्या तोंडाकडे बघत. भाऊंच्या घरच्या बाई चुलीपासून ओरडत, "जेऊ द्या ना पोराले! त्याचं पोट म्हंजे काय तुमची शाळा आहे?"

भाऊंच्या जिवाला एकच ध्यास होता: पातळ पदार्थ धरील असा, न गळणारा पानांचा द्रोण. जंगलात जाणाऱ्या मजुरानं त्यात आंबील न्यावी, दवाखान्यातल्या रोग्यानं त्यात पेज प्यावी. शिवणीला त्यांनी डिंक लावला, तो वरणात विरघळला. मेण लावलं, ते वाफेनं वितळलं. लाख लावली, तिला तडे गेले. हे सगळे शोध माझ्या सदऱ्यावर सांडले. शेवटी त्यांना सापडला बिब्बा. धोबी कपड्यांवर खूण करतो ते त्याचं काळं तेल शिवणीवर फासलं, आणि द्रोण गळायचा थांबला. "आधी माह्या पोटावर, मंग लोकाईच्या," हा त्यांचा नेम. कितीतरी दिवस त्यांनी स्वतः त्यातून आंबील प्यायली. काही झालं नाही. मग एका संध्याकाळी मोठ्या मायेनं एक द्रोण माझ्या ओठांना लावला. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते आणि मला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. "पोट शांत असलं का मानूस साहेबापुढं भेत नाई," भाऊ म्हणाले.

सकाळी आरशात पाहिलं तर ओठ वांग्यासारखे सुजलेले, हनुवटीवर फोड. भाऊ पहाटेच पानं आणायला जंगलात गेलेले. तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "दारू पिऊन मारामारी केलीस?" नाही म्हणायला तोंड उघडेना. मागं कुणीतरी खुदकन हसलं. आईला आता काय तोंड दाखवायचं, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात भाऊ दारात. धुतलेलं धोतर, कोट, हातात साहेबांना दाखवायला आणलेला नवा द्रोण. माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा उतरला.

"साहेब, हे दारू नोहे. हे माहं काम आहे," ते म्हणाले. "द्रोनाले बिबा लावून याले पाजलं म्या. आमी लहानपनापासून बिबे फोडतो, आमाले तो बाधत नाई. हे पोरगं समुद्राकडचं, हे माह्या ध्यानातच नाई आलं. मी मलेच सारं जग समजलो."

"आता तरी कागदात खाशान का, भाऊ?" कुणीतरी विचारलं, आणि अख्खी कचेरी हसली. साहेबही हसले. त्या हसण्यातच माझी नोकरी राहिली. भाऊंनी द्रोण मुठीत चुरडून कोटाच्या खिशात घातला. ज्या माणसाची ओळख मी बाजारात लपवीत होतो, त्यानं माझ्यासाठी भर कचेरीत स्वतःचं हसं करून घेतलं, आणि मी जमिनीकडे बघत उभा होतो.

संध्याकाळी ते कुठून तरी खोबऱ्याची वाटी घेऊन आले. त्या मुलखात खोबरं म्हणजे सणासुदीची वस्तू. दगडावर उगाळून त्यांनी ते बोटानं माझ्या ओठांना हळूहळू लावलं. तो वास नाकात गेला आणि मला आमची पडवी दिसली, आईचे केस आठवले. डोळे भरून आले.

भाऊंनी हात मागं घेतला. "झोंबून राह्यलं का, बाबू?"

मी मान हलवून हो म्हटलं.