भंडारा न उचललेला माणूस

फोन आला तेव्हा मी लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. तिथल्या कार्यालयात मी कारकून आहे. करुणावहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भावजी, हे प्रभूत निजले. सकाळी प्रार्थनेला बसले, ते उठलेच नाहीत." मी नुसतं "हो" म्हणालो. शेजारच्या टेबलावर मुलं मोठमोठ्यानं हसत होती... माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे आज लिहायलाच हवं. आता ती गोष्ट कुणालाच कळणार नाही, असा तो विचार होता. दुःख त्यानंतर आलं, आणि अजून गेलेलं नाही.

वहिनींचे यजमान रत्नाकरदादा माझे चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. पौडच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे ख्रिस्ती घरं सात, त्यातली दोन आमची. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे प्रार्थना करायला, सायकल चालवायला आणि चूक झाली की तोंडावर कबूल करायला मला दादांनीच शिकवलं. त्यातलं शेवटचं मी शिकलो नाही. दादा शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतरही साऱ्या गावाचे मास्तरच राहिले. जत्रेला ते रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत. प्रसाद मात्र घेत नसत, आणि तसं तोंडावर सांगत. "देवाला वाहायच्या आधीचा एखादा नारळ असेल तर दे, घरी भाजीत घालतो," असं म्हणून देणाऱ्याला हसवत. गावात कुणाला त्याचा राग आल्याचं मला आठवत नाही.

ते जुन्या वळणाचे होते आणि त्याचा त्यांना संकोच नव्हता. संध्याकाळी घरात एकत्र प्रार्थना झाल्याशिवाय जेवण वाढलं जात नसे. लग्न म्हणजे देवापुढे दिलेला शब्द, तो सोयीप्रमाणे मोडायचा नाही, हे ते नव्या जोडप्यांना स्पष्ट बजावत. हिंजवडीच्या बाजूला राहायला आलेली तरुण मंडळी उपासनेत इंग्रजी गाणी आणि गिटार आणू लागली, तेव्हा दादा म्हणाले, "गिटार आणा, पण तबला-पेटी बाहेर काढू नका. ती हिंदूंची नाही, मराठीची आहे. आपण येशूचे झालो म्हणून परके नाही झालो." राजकारणाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. ख्रिस्ती माणसानं गावाच्या कारभारात उतरावं, पण मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, मतं गठ्ठ्यानं कुणाला देऊ नयेत. एकदा एक उमेदवार उपासनेत दोन शब्द बोलायला आला, तेव्हा दादांनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. "साहेब, इथे आज तुम्ही ऐकायला आलात," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. गायरान वाचवायचं होतं, कारण एका गृहप्रकल्पाचा रस्ता त्यातून जाणार होता आणि धनगरांच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागाच उरली नसती. प्रचाराच्या आधी सारं पॅनेल बिरोबाच्या देवळात जमलं. आमच्याकडे पॅनेल फुटू नये म्हणून प्रत्येकानं देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, चिमटीत उचलून शपथ घ्यायची असते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर पॅनेलतर्फे मी बसणार होतो, म्हणून मीही तिथे होतो.

ताटली दादांपुढे आली. "मी नाही उचलणार," ते म्हणाले. "मी शपथच घेत नाही. तुमच्या देवाची नाही नि माझ्याही देवाची नाही. शब्द दिलाय, तो दिलाय."

"मंग इस्वास कसा ठिवायचा, मास्तर? उद्या तिकडं गेलात मंजी?" कुणीतरी म्हणालं.

बिरामामा धनगर खांबाला टेकून बसले होते. ते उसळलेच. "आरं, माज्या शेळीचं दूध पिऊन माज्याच पोराला दोनदा नापास केलाय ह्यानं! त्यो काय फुटतुया? चला फुडं, ताटली हलवा."

सगळे हसले. ताटली माझ्यापुढे आली. आणि मी भंडारा उचलला. नुसती हळद तर आहे, असं मनाशी म्हटलं. मान वर केली तेव्हा दादा माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात बिरामामांनी "चांगभलं" म्हणत मूठभर भंडारा सगळ्यांवर उधळला, आणि दादांचं कपाळ पिवळं झालं. कुणीतरी त्यांचा एकट्याचा फोटो काढला.

तो फोटो आठवड्याभरात आमच्या मंडळीच्या प्रत्येक मोबाइलवर होता. चर्चच्या पंचमंडळाची सभा बोलावली गेली. मंडळीचा चिटणीस मीच, त्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्या मांडीवर होती. "उधळला तेव्हा पडला. मी शपथ घेतली नाही," एवढंच दादांनी सांगितलं. एक वृद्ध पंच म्हणाले, "मग पवित्र शास्त्रावर हात ठेवून तसं सांगा, विषय मिटला." दादांना हसू आलं. "शपथ घेतली नाही, हे शपथेवर सांगू? देवळात जे केलं नाही, ते इथे करायला लावता?" त्यांचं हसणं सगळ्यांना उद्धटपणा वाटला. पाळकसाहेबांनी विचारलं, "त्या वेळी आपल्यापैकी आणखी कोणी तिथे होतं का?" दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी वहीत लिहिलं : 'साक्षीदार नाही.' त्याखाली, माझ्याच अक्षरात, पश्चात्ताप करीपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेत वाटल्या जाणाऱ्या भाकर आणि द्राक्षरसापासून, दूर ठेवण्याचा ठराव आहे.

दादा निवडून आले. गायरान राहिलं. भंडारा उचललेल्यांपैकी दोघे वर्षाच्या आत दुसरीकडे गेले. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड काढलं जायच्या वेळी, दादा शांतपणे उठून बाहेर जात राहिले. माझ्याशी त्यांचं वागणं तसूभरही बदललं नाही. एकदा त्यांना मोटारसायकलवरून पौडला नेताना मी सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी देवळात..." मागून त्यांचा आवाज आला, "शांतवन, पंचांपुढे बोलायचं ते गाडीवर बोलू नकोस. वाऱ्यात जातं." मी पुढे बोललो नाही. पुढची दीड वर्षंही बोललो नाही.

दफन झालं. मंडळीच्या नोंदवहीत मृत्यूची नोंद मलाच करायची होती. नावापुढे एक रकाना असतो : सहभागितेत, म्हणजे प्रभुभोजनाचा हक्क असलेला, की सहभागितेबाहेर. तीन दिवस मी ती वही उघडून बसत होतो... चौथ्या दिवशी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, "वहिनी, मला काही सांगायचंय." त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "भावजी, मला एकटीला काही सांगू नका. हे ज्यांच्यासमोरून उठून जायचे, त्यांच्यासमोर सांगा. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकीन."

पुढच्या रविवारी मी सांगितलं. भंडारा मी उचलला होता, दादांनी नाही, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शपथ मागणारे वृद्ध पंच तोंडावर रुमाल धरून बसले. वहिनी सरळ समोर बघत होत्या. दादांवरचा ठराव रद्द झाला आणि तोच माझ्या नावे झाला. या वेळी वही दुसऱ्याच्या हातात होती. शिक्षा योग्य आहे. फक्त ज्यांचा हक्क होता त्यांना ती भाकर आता देता येत नाही, आणि ते दुरुस्त करणारा ठराव कुठल्याच वहीत नाही.

गेल्या रविवारी पांढरं कापड काढायच्या वेळी मी उठलो आणि बाहेर आलो. चर्चच्या मागे कुंपणाला लागून एक दगड आहे. दादा तिथे बसत, हे मला माहीत नव्हतं. ते मला बिरामामांनी सांगितलं. ते शेळ्या घेऊन कुंपणापलीकडे उभे होते.

"मास्तरच्या जागंवर बसलास व्हय, शांतू?"

"तुम्ही इथे कसे, मामा?"

"ह्या टायमाला मी हितंच आस्तुया. दोन वर्सं आमी हितं गप्पा मारल्या. म्या एकदा इचारलं, मास्तर, आत समदी जेवत्यात नि तुमी भायेर कसं? तर म्हनला, माजं ताट झाकून ठिवलंय, बिरा. घरचं मानूस उशिरा येनार आसलं तर ठिवत्यात तसं." मामांनी काठीवर हनुवटी टेकली. मग त्यांनी सहज विचारलं, "तुजं बी ठिवलंय का रं झाकून?"

मी त्या दगडावर थोडा सरकलो आणि बाजूला एका माणसापुरती जागा करून बसलो.